सड्यावरचं वळण

सकाळी सातला मी शेवटच्या वळणावर पोहोचले आणि माझं डोकंच फिरलं.

घोटीच्या पुढे, एका वाडीमागच्या डोंगरावरून आम्ही सायकलच्या शर्यतीसाठी वाट काढली आहे. माथ्यापासून खाली देवळापर्यंत दीड किलोमीटर नुसता उतार. वर्षातून एकदा, जानेवारीत, एक खाली उतरला की पुढच्यानं, असं एकेकानं सुटायचं आणि घड्याळाशी झुंजायचं. वाटेचं शेवटचं वळण सिंधुमावशींच्या अंगणाला घासून जातं. आणि त्या वळणावर, नाशिक, मालेगाव, नांदगावहून चाळीस स्पर्धक आलेले असताना, शेणाचा सडा! ताजा, ओला, चकचकीत. त्यावर या कडेपासून त्या कडेपर्यंत पांढरीशुभ्र रांगोळी.

"कुणी केलं हे?" मी ओरडलेच.

"आमी," सिंधुमावशी हात पुसत कौतुकानं म्हणाल्या. "पहाटंपासून चार बाया लागलो. अमोलदादा काल म्हनला ना, लय धुरळा उडतो म्हनून. पाव्हनं यायचं, त्यांना काय धुरळ्यात उतरवायचं?"

अमोलचं पंचवटीत सायकलचं दुकान आहे, आणि ही शर्यत आम्ही दोघं मिळून भरवतो. तो माझ्याकडे न बघता हेल्मेटचा पट्टा ओढून पाहू लागला. या माणसाला कुठे काय बोलावं हे कधी कळायचं? मी डोळे वटारले तसं त्यानं गुपचूप कोरड्या मातीचं घमेलं उचललं.

"सड्यावर माती टाकतो व्हय?" मावशी म्हणाल्या.

अमोलनं घमेलं खाली ठेवलं. वाटेसाठी स्वतःचा बांध फोडून देणारी ही बाई. पाहुण्यांसाठी अंधारात उठून सडा घातला तिनं, तिला काय चूक म्हणून सांगणार? मग वळणाच्या बाहेरच्या अंगाला भाताच्या पेंढ्याचे भारे रचले आणि आल्या प्रसंगाला तोंड द्यायचं ठरवलं. थांबायची सोय नव्हती. डोंगराच्या सावलीमुळे तिथे दहापर्यंत ऊन येत नाही आणि परवानगी तर एकपर्यंतचीच होती.

खरं सांगायचं तर मला त्या वळणाची धास्ती होती ती वेगळ्याच कारणानं. दोन वर्षांपूर्वी पहिल्या शर्यतीत याच वळणावर मी घाबरून ब्रेक करकचून दाबला, मागचं चाक फिरलं आणि खांद्याचं हाड मोडलं. वळण मीच कुदळीनं खणलेलं, आणि आपटले तीही मीच. गेल्या वर्षी "व्यवस्था कोण बघणार?" असं म्हणत मी सायकलला हातच लावला नाही. सगळ्यांना ते पटलं, अमोलला नाही. यंदा नाव दिलं तेव्हा मी स्वतःशी एकच ठरवलं होतं. नंबर कितवाही येवो, एकदा त्या वळणात शिरल्यावर ब्रेकला बोट लावायचं नाही. या वेळी लावलं, तर सायकल विकून टाकायची आणि घरच्या झेंडूच्या मळ्यात गप फुलं तोडत बसायचं.

सुटण्याचा क्रम आदल्या दिवशीच चिठ्ठ्या टाकून ठरला होता. माझा नंबर तेविसावा. पहिल्या नंबरची चिठ्ठी आली होती नांदगावच्या ज्ञानेशला. तो वळण बघायला आला आणि पांढराफटक पडला.

"ताई, यावरून पहिला मी उतरू?"

बाकीचे सगळे एकदम आभाळाकडे बघायला लागले. मला असा राग आला! शर्यत माझी, वाट माझी, आणि पडायला पाठवायचं या परगावच्या माणसाला?

"तुझी चिठ्ठी इकडे दे," मी म्हणाले. "माझी तू घे. तोवर सुकेल."

बोलून गेले आणि हात आपसूक मोडलेल्या खांद्याकडे गेला. मावशींच्या ते बरोबर लक्षात आलं. मी पडले तेव्हा मला उचलणाऱ्या त्याच होत्या.

"भ्या वाटतं व्हय गं, वेदिका?"

"वाटतं, मावशी. लय वाटतं."

दोन वर्षांत हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं.

"हे बघ," त्या म्हणाल्या, "डोईवर हंडा घेऊन रोज सड्यावरून चालते मी. सड्यावर पाय आवरला का घसरलाच. जे काय वळायचं ते सडा लागायच्या आधी वळून घ्यायचं. मंग आपलं सरळ चालत ऱ्हायचं."

आठ वाजता माथ्यावर अमोलनं शिट्टी मारली आणि मी सुटले.

पहिले दगड, उडी, कारवीचं रान! फांद्या हेल्मेटवर सपासप बसत होत्या आणि मी आत मोठमोठ्यानं हसत होते. दोन वर्षं हे सोडून मी जगले तरी कशी? घळ आली, ओलांडली. बांध आला, सायकल हवेत, खाली, पुन्हा हवेत. खालून वाडीच्या हलगीचा आवाज आला आणि समोर ते वळण. बोटं आपोआप ब्रेककडे गेली. सड्याच्या चार हात अलीकडे, वळणात शिरायच्या आधीच वेग मारला, ब्रेक सोडला, सायकल झुकवली, वळून घेतलं. मग दोन्ही बोटं उचलून सरळ ताठ धरली. खाली चाक गुळगुळीत सरकतंय एवढंच कळलं. श्वास घेतला तो थेट देवळापाशी.

शेवटी माझा नंबर चौथा आला, आणि माझ्याच तेविसाव्या चिठ्ठीवर ज्ञानेश पहिला. ते दुपारचं. तेव्हा मला वेळही विचारायचं सुचलं नाही. सायकल टाकून मी धापा टाकत वळणाकडे पळत सुटले.

मावशी गुडघ्यांवर हात ठेवून रांगोळीकडे बघत होत्या. मधोमध चाकाची एकच रेघ, सरळ आणि बारीक. आजूबाजूचा एक ठिपकाही फरफटला नव्हता.

"लय नीट गेली गं," त्या म्हणाल्या.

माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. तेवढ्यात खिशातला वॉकीटॉकी खरखरला. अमोल वरून विचारत होता, "वेदिका, उतरलीस का? वळणात ब्रेक दाबलास?"

मी तो बाहेर काढला आणि बटण दाबून मावशींपुढे धरला. त्यांनी त्याकडे जरा संशयानं पाहिलं आणि मग वाडीभर ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या, "नाय दाबला! सोड आता पुढचा!"