लिफ्टमधला सहावा

बातम्यांच्या वाहिनीवर पडद्याच्या तळाशी जी पट्टी धावत असते ना, ती मी लिहायचे. वरचे बोलणारे चेहरे सगळ्यांना पाठ असतात. खालची पट्टी कोण लिहितं, हे विचारावंसंही कुणाला वाटत नाही. सासूबाईंनी एकदा शेजारी अभिमानाने सांगितलं, "आमची सून पट्टीवर असते," तर शेजारच्या काकू संध्याकाळी सुजलेला गुडघा घेऊन दारात हजर.

पट्टीचा नियम एकच. सात शब्द. आठवा शब्द दिसला की शिफ्टचा प्रमुख खुर्चीतूनच खेकसायचा. वर्षानुवर्षं हेच केल्यावर माझी जीभसुद्धा तशीच वळली. "दूध उतू. गॅस बंद करण्याचे नवऱ्याला आदेश." नवरा निमूटपणे गॅस बंद करायचा आणि म्हणायचा, "पुढील तपशील थोड्याच वेळात."

मग वाहिनीच्या मालकांना कळलं की पट्टी यंत्रसुद्धा लिहितं, आणि ते चहा मागत नाही. आमचा अख्खा कोपरा एका दिवसात रिकामा केला. मी माझं सामान खोक्यात भरलं: मग, एसीत पाय गारठतात म्हणून टेबलाखाली ठेवलेल्या स्लीपर, एक शाल, आणि माझा नसलेला एक स्टेपलर. स्टेपलर रागाने घेतला. अजून परत केलेला नाही आणि करणारही नाही.

त्यानंतर मी नोकऱ्यांसाठी किती दारं ठोठावली ते विचारू नका. समोरचा माणूस माझा अर्ज वाचून मान वर करायचा आणि म्हणायचा, "पट्टी म्हणजे नेमकं काय करत होता तुम्ही?" आता याला काय सांगायचं? शेवटी नणंदेने तिच्या टाइल्सच्या दुकानात काउंटरवर बसायला बोलावलं. मनापासून बोलावलं, त्यामुळे रागावताही येईना. "महिनाअखेरपर्यंत सांग गं वहिनी, नाहीतर दुसरं कुणी बघते," म्हणाली. बाथरूमच्या टाइल्स वाईट नसतात. पण त्या बघून मला एकही प्रश्न पडत नाही, आणि प्रश्न पडला नाही की मला दिवस ढकलता येत नाही. लहानपणापासून मी नको तिथे नाक खुपसत आले आहे, तेच एक भांडवल.

तेवढ्यात एका छोट्या कंपनीकडून बोलावणं आलं. ही मंडळी फोनवर ऐकायच्या खऱ्या गोष्टी बनवतात. संपादक बाई माझ्याहून बरीच लहान, कानांवरचे हेडफोन गळ्यात पडलेले, बोलताना सतत गाजर खाणारी.

"अर्ध्या तासाची एक गोष्ट करून आणा," ती म्हणाली. "विषय तुमचा. आवडली तर मालिका तुमची. नाही आवडली तर स्पष्ट सांगेन."

"अर्धा तास? म्हणजे शब्द किती?"

ती मनापासून हसली. मी विनोद केला नव्हता.

विषय मात्र माझ्याकडे तयार होता. कधीतरी मी एक पट्टी लिहिली होती: 'व्यापारी इमारतीच्या लिफ्टमध्ये अडकलेल्या सहा जणांची सुटका'. लिहिली, धावली, गेली. पण माझ्या डोक्यात किडा वळवळत राहिला. एकमेकांना न ओळखणारी सहा माणसं, सकाळभर, अर्ध्या अंधारात, हात पसरला तर दुसऱ्याच्या नाकाला लागेल एवढ्या जागेत. ती बोलली काय असतील?

इमारत सापडायला त्रास झाला नाही. खाली बँक, मध्ये दंतवैद्य, वकील, व्यायामशाळा, वर निरनिराळी ऑफिसं. दंतवैद्याची रिसेप्शनिस्ट त्या लिफ्टमध्ये होती. तिने तिथल्या एका वकिलाचं नाव सांगितलं, वकिलाने व्यायामशाळेतल्या प्रशिक्षकाचं, त्याने एका विमा एजंटचं, आणि कवळी बसवायला आलेल्या एका मावशींचा फोन तर रिसेप्शनिस्टकडे होताच. दोन दिवसांत सहापैकी पाच जणांना गाठलं. मी जाम खुशीत होते. रेकॉर्डिंग संपादक बाईंना ऐकवलं.

तिने गाजर बाजूला ठेवलं. लक्षण बरं नव्हतं.

"हे काय आहे?"

"मुलाखती."

"मुलाखती कुठायत? बघा ना. हे वकील म्हणतात, 'सुरुवातीला मी जरा घाबरलो,' आणि तुम्ही रेकॉर्डर बंद! त्या मुलीचं 'मला आईची आठवण आली,' झालं, बंद! प्रत्येकाला तुम्ही ऐन वेळी तोडलंय."

तिचं खरं होतं. सात शब्द हाताशी लागले की माझा अंगठा आपोआप बटणावर जात होता. बातमी मिळाली, आता पुढची. बोलणारा माणूस उरलेलं वाक्य घेऊन तसाच बसलेला असायचा, आणि मी त्याला "थँक्यू हं" म्हणून पर्स उचलायचे.

"पुन्हा जा," ती म्हणाली. "आणि बटणाला हात लावू नका. समोरचा कंटाळला तरी चालेल."

पुन्हा गेले. रेकॉर्डर टेबलावर ठेवायचा आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसायचं, असा मीच काढलेला उपाय. अवघड होतं. पण पहिल्याच दिवशी वकीलसाहेब सुटले.

"त्या रिसेप्शनिस्टच्या घरी साखर कुठे ठेवतात माहितीये?" ते म्हणाले. "वरच्या फळीवर, मागे. मुंग्यांमुळे. पुढे डाळींचे डबे."

"तुम्ही त्यांच्या घरी गेला होतात?"

"छे हो! तिने सांगितलं, लिफ्टमध्ये. तो व्यायामशाळेतला धटिंगण आधी रडायला लागला. मग सगळ्यांचीच पाचावर धारण बसली. तेव्हा तो खोकंवाला म्हणाला, 'डोळे मिटा आणि तुमच्या स्वयंपाकघरात शिरा. उजव्या हाताला काय आहे?' एकेकाला विचारत राहिला. ओटा, फळ्या, खिडकी. कसा कोण जाणे, श्वास जागेवर आला."

"कोण खोकंवाला?"

"होता एक. कुरिअरवाला असेल. हातात खोकं होतं."

मी बाकीच्यांना विचारत सुटले. प्रशिक्षक म्हणाला, तो रडला नव्हता, त्याच्या डोळ्यांत घाम गेला होता. पण खोकंवाल्याने त्याला फ्रिजमधली एकेक वस्तू सांगायला लावली आणि लोणी येईपर्यंत त्याला बरं वाटलं. विमा एजंटला मावशींच्या घरचा गळका नळ आठवत होता. पाचही जणांना एकमेकांची स्वयंपाकघरं पाठ होती. खोकंवाल्याचं मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. नाव नाही, चेहरा धड नाही. दार उघडल्यावर जो तो धावत सुटला, आणि कुरिअरवाला आपल्या कामाला लागला असेल, असं सगळ्यांनी आपापल्या मनाशी धरून टाकलं होतं. म्हणजे सहा जणांच्या गोष्टीत मला मिळाले पाच, आणि ज्याची गोष्ट होती तोच बेपत्ता! मला रात्री झोप लागेना. नवरा म्हणाला, "तपास कुठवर आला?" मी म्हटलं, "झोप."

घोडं कुठे अडलंय ते कळलं मावशींकडे. त्यांनी माझ्यासाठी चहा केला, नवी कवळी कशी टोचते ते सविस्तर सांगितलं, मुलाचं परदेशातलं घर सांगितलं, सुनेचं वजन सांगितलं. जुनी मी असते तर केव्हाच उठले असते. मी हात मांड्यांखाली दाबून बसून राहिले.

"बिचारा," मावशी मध्येच म्हणाल्या. "वरच्या मजल्यावरून खाली निघाला होता, आणि त्याच्या खोक्यातली कुंडी सारखी कलंडत होती. मीच धरून ठेवली शेवटी."

"खोक्यात कुंडी होती?"

"एवढीशी. आणि निळ्या स्लीपर. वापरलेल्या, टाचेला झिजलेल्या. मी म्हटलं, हल्ली लोक कुरिअरने काय काय पाठवतील!"

माझा कप बशीवर वाजला. सकाळच्या वेळी, ऑफिसच्या इमारतीत, वरून खाली निघालेला माणूस, आणि खोक्यात झिजलेल्या स्लीपर. पाच जणांनी ते खोकं बघितलं होतं आणि पाचांनाही ते कळलं नव्हतं. मला कळलं, कारण तसलं खोकं माझ्या पलंगाखाली होतं.

दुसऱ्या दिवशी मी त्या इमारतीचा वरचा मजला गाठला आणि खाली येत प्रत्येक ऑफिसात एकच प्रश्न विचारला: लिफ्ट बंद पडली त्या दिवशी तुमच्याकडून कुणाला काढलं होतं? दोन ठिकाणी मला दारातूनच वाटेला लावलं. तिसऱ्या ठिकाणी एका बाईने इकडेतिकडे बघितलं, मला जिन्यात नेलं आणि हळूच सांगितलं. तो आता बाजारपेठेच्या मागच्या रस्त्यावर चष्म्याच्या दुकानात असतो.

दुकान अरुंद होतं. दोन्ही भिंतींवर फ्रेमा, आणि त्यांच्यामागच्या आरशांत मी दहा-पंधरा वेळा दिसत होते. मागच्या खोलीत काच घासायचं यंत्र घरघरत होतं. तो पन्नाशीचा, गोल चेहऱ्याचा माणूस. माझा चष्मा बघून म्हणाला, "हा कुणी बसवला? एक कान वर, एक खाली. तुमचे कान सारखे आहेत हो, चूक त्याची आहे."

मी कशासाठी आले ते सांगितलं. तो थोडा वेळ फ्रेमा सरळ करत राहिला. मग म्हणाला, "बरं. ठेवा ते मशीन तिथे."

मी विचारलं, "लोकांना शांत करायची ही युक्ती तुम्ही कुठे शिकलात? स्वयंपाकघराची?"

"युक्ती कसली? मला कुणाला शांत करायचं नव्हतं, बाई. मला सगळ्यांची स्वयंपाकघरं चालणार होती, फक्त माझं नको होतं. माझ्या स्वयंपाकघरात बायको होती. डबा घेऊन सकाळीच बाहेर पडलेला माणूस दुपारच्या आत दारात उभा, तिला काय सांगणार? लिफ्ट थांबली तेव्हा मला वाटलं, चला, अजून थोडा वेळ मिळाला. बाकीचे दार बडवत होते. मी मनात म्हणत होतो, उघडू नको. दार उघडलं तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीपण वाजवल्या. खोकं काखेत धरून."

त्यानंतर तो काही बोलला नाही. मीही नाही. रेकॉर्डर चालू होता. मागचं यंत्र घरघरत राहिलं, रस्त्यावरून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "द्या इकडे तो चष्मा. सरळ करून देतो."

"हे सगळ्यांना ऐकवू का?" मी निघताना विचारलं.

"बायकोला त्याच संध्याकाळी सांगितलं, नोकरी गेली म्हणून. पण हे नव्हतं सांगितलं. आज सांगतो. उद्या ऐकवा."

महिना संपत आला होता. नणंदेचा फोन येऊन गेला होता. मी गोष्ट जोडून घेऊन गेले आणि संपादक बाईंच्या शेजारी बसले. ती खोली म्हणजे एक कोठी होती, भिंतींना सगळीकडे काळा फोम लावलेला. आत आपलाच श्वास ऐकू येतो. स्वयंपाकघरांपाशी ती हसली. स्लीपरपाशी तिने माझ्याकडे वळून बघितलं. चष्म्याच्या दुकानात पोचल्यावर डोळे मिटले. आणि मग ती शांतता आली, आणि आली, आणि संपेना.

तिने बटण दाबून थांबवलं. "एवढं मोठं मौन नाही चालणार. लोकांना वाटतं फोन बिघडला. कापा."

"नाही कापणार."

हे मी म्हणाले यावर माझाच विश्वास बसेना. उभा जन्म कापण्यात गेलेला. डोळ्यांसमोर टाइल्स आल्या, फिकट हिरव्या, फुलाफुलांच्या. तरी म्हटलं, "काहीही कापा, ते नको."

ती चिडली नाही. तिने तो भाग पुन्हा लावला, आवाज वाढवून. यंत्राची घरघर. घंटी. आणि अगदी जवळ काहीतरी बारीक, ओढून घेतल्यासारखं.

"हा त्यांचा आवाज नाहीये," ती हळू म्हणाली. "तुम्ही काय करत होतात या वेळात?"

"रडत होते."

"त्यांच्यासाठी?"

"नाही."

नोकरी गेल्यापासून मी रडले नव्हते. घरात सगळ्यांना त्याचं कौतुक होतं. सासूबाई तर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, किती खंबीर आहे म्हणून. आणि त्या परक्या माणसासमोर, चष्म्याच्या दुकानात, दहा-पंधरा आरशांतून मी घळाघळा रडत होते, आवाज न करता, कारण रेकॉर्डर चालू होता.

संपादक बाईने माइक माझ्यासमोर ओढला. "ऐकणाऱ्याला हे कळलं नाही, तर ते मौन कापावंच लागेल. कळलं, तर एक सेकंदही कापायचा नाही, आणि मालिका तुमची. सांगा, का रडलात?"

"घरीसुद्धा माहीत नाही हो."

"मग घाई नाही. पण सांगा तुम्हीच. मला ते लिहिता येणार नाही."

लाल दिवा लागला. मी सांगायला लागले.

"माझी नोकरी गेली त्या दिवशी आम्हाला पडदे घ्यायला जायचं होतं. नवरा खाली स्कूटर घेऊन थांबला होता. त्याला काही माहीत नव्हतं. मी खोकं घेऊन लिफ्टमध्ये शिरले आणि सगळ्यात वरच्या मजल्याचं बटण दाबलं. वर दार उघडलं, मी उतरले नाही. मग खालचं दाबलं, आणि मध्येच पुन्हा वरचं. किती वेळा वर-खाली केलं, मोजलं नाही. शेवटी कुणीतरी आत आलं आणि त्यांच्यामुळे मला खाली यावं लागलं. नवऱ्याने लांबूनच हात केला. जवळ आल्यावर त्याने खोकं बघितलं. त्यातल्या स्लीपर बघितल्या. ते माझ्या हातातून घेतलं, स्कूटरवर पुढे पायांपाशी नीट बसवलं, आणि मग विचारलं, 'एवढा वेळ लागला? लिफ्ट अडकली होती का?'

मी म्हटलं, 'हो.'"