शुक्राचं वाण

हळदीकुंकवाला गेलं की प्लास्टिकचा एक डबा मिळतो, आणि त्या डब्यात ठेवण्यासारखं घरात काहीच नसतं, हा अनुभव माधवीबाई कंधारकरांनी एकतीस वर्षं घेतला होता आणि इतरांना दिलाही होता. यंदा मात्र नल्लकुंट्याच्या आपल्या घरी त्यांनी नवऱ्याला सांगून टाकलं, "अहो, रथसप्तमीला डबे नकोत. यंदा शुक्र लुटायचा."

"शुक्र?"

"दिवसाढवळ्या दिसतो म्हणून सगळ्या हैदराबादला सांगत फिरता ना? मग दाखवा. वाण म्हणून."

भगवंतराव खूष झाले. पाटबंधारे खात्यात तेहतीस वर्षं धरणाचे दरवाजे उघडण्याचे आणि न उघडण्याचे आदेश काढून ते निवृत्त झाले होते. निवृत्तीनंतर त्यांनी घरातले मसाल्याचे डबे ऑफिसातल्या फायलींप्रमाणे लावायला घेतले, तेव्हा बेंगळुरूहून ओमकारने, म्हणजे त्यांच्या मुलाने, आईच्या बचावासाठी तातडीने एक दुर्बीण पाठवली. साधी नव्हे. लॅपटॉपवर आकाशाचा नकाशा उघडायचा, ताऱ्यावर टिचकी मारायची, की गच्चीवर मोटारी घरघरत आणि दुर्बीण आपण होऊन त्या ताऱ्याकडे तोंड वळवी. सांगितल्याबरोबर हलणारी एवढी आज्ञाधारक वस्तू भगवंतरावांनी सबंध नोकरीत पाहिली नव्हती.

तिला शिस्त लावण्यात त्यांचे तीन महिने गेले. काम संपलं की दुर्बिणीने घरी जायचं, म्हणजे ठरवून दिलेल्या दिशेला तोंड करून झोपायचं, अशी त्या सॉफ्टवेअरमध्ये सोय होती. कारखान्यातून ती दक्षिणेकडे तोंड करून झोपायला शिकून आली होती. ते त्यांच्या थोरल्या बहिणीने पाहिलं.

"भगवंता," सावित्रीबाई म्हणाल्या, "दक्षिणेला डोकं करून घरात एकच वस्तू ठेवतात, आणि ती उचलायला चौघं लागतात."

भगवंतरावांचा विज्ञानावर विश्वास होता, पण थोरल्या बहिणीपुढे विज्ञानाचं काय चालतं? त्यांनी दिशा बदलली. पश्चिमेला पाण्याची टाकी आडवी येत होती, म्हणून टाकी चुकवून जरा डावीकडे आणि वीस अंश वर, अशी नवी जागा लॅपटॉपला सांगितली. शिवाय एक नियम घालून दिला: दहा मिनिटं लॅपटॉपला कुणाचा हात लागला नाही, तर दुर्बिणीने न विचारता घरी जायचं. एकदा गच्चीवरच त्यांना डुलकी लागली होती आणि दुर्बीण पहाटेपर्यंत व्याधाच्या मागे हिंडत राहिली होती. तसं पुन्हा नको.

रथसप्तमीला साडेचारच्या सुमारास पंधरा बायका गच्चीवर जमल्या. भगवंतरावांनी लॅपटॉप उघडला तेव्हा सॉफ्टवेअरने विचारलं की सूर्य वर आहे, दुर्बिणीला सूर्याकडे वळू न देणारं कुंपण काढायचं का, खात्री आहे का? दिवसा शुक्र बघायचा तर कुंपण काढावंच लागतं. आणि खात्री आहे असं म्हटल्याशिवाय कुठल्याच खात्यात काही पुढे सरकत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी 'हो'वर टिचकी मारली. दुर्बीण वळली. निळ्या आभाळात नखाच्या कोरेएवढा पांढराशुभ्र शुक्र लागला.

"ऐका," ते बायकांना म्हणाले. "शुक्र सरकतो, त्याच्याबरोबर दुर्बीणही सरकते. सरकली म्हणून घाबरून डोळा सोडायचा नाही. तिच्यामागे जायचं."

"सांगून झालं? मग आत बसा," माधवीबाई म्हणाल्या. "बायकांच्या घोळक्यात तुमचं काय काम? कुंकू लावू का?"

बायका हसल्या. नाहीतरी उन्हात लॅपटॉपचा पडदा दिसत नव्हता. भगवंतराव जिन्याच्या खोलीत जाऊन बसले आणि उजेड नको म्हणून त्यांनी दार ओढून घेतलं.

बाहेरून आवाज येत होते. दिलसुखनगरहून आलेली रंजना म्हणाली, "एवढूसाच? फोटोत केवढा असतो." शेजारच्या रमादेवी "चाला बागुंदी, वदिना!" असं तेलुगूत कौतुक करत दोनदा रांगेत उभ्या राहिल्या. वाण दोनदा घेता येणारं हे पहिलंच हळदीकुंकू होतं.

रांगेच्या शेवटी सावित्रीबाई होत्या. त्यांना जाऊन नाही, त्यांच्या यजमानांना जाऊन एकोणीस वर्षं झाली होती, पण हळदीकुंकवाच्या हिशेबी ते एकच. दरवर्षी त्या स्वयंपाकघरात बसून विडे बांधत. यंदा माधवीबाईंनी हात धरून वर आणलं होतं. "वन्सं, शुक्राला कुंकू लावायचं नाहीये. चला." सावित्रीबाईंनी इरकली नेसली होती. शेवटी उभं राहा असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. शेवट ही त्यांची सवयीची जागा होती.

त्यांचा उजवा डोळा काचबिंदूने नेला होता. गौलीगुड्यातल्या दोन खोल्यांत त्या एकट्या राहत, आणि उरलेल्या डाव्या डोळ्याच्या बळावर तांदूळ निवडत, सुईत दोरा ओवत, भाजीवाल्याची दांडी मारणारी बोटं पकडत. "माझ्याकडे राहायला ये" असं भगवंतराव दर दिवाळीला म्हणत, आणि "डोळा आहे तोवर नाही" असं उत्तर दर दिवाळीला मिळे.

आत भगवंतराव चष्मा पुसत होते. पुसून डोळ्यांवर चढवला तर लॅपटॉपवर शब्द उमटलेला: पार्किंग. दुर्बीण घरी निघाली होती. दहा मिनिटं झाली होती आणि कुणी हात लावला नव्हता. पहिल्यांदा त्यांना कौतुकच वाटलं. शिस्त म्हणजे शिस्त!

मग त्यांनी नकाशा पाहिला. दुर्बीण कुठे बघते आहे ते दाखवणारी लाल चौकट शुक्रावरून सुटून खाली घसरत होती. खाली, टाकीच्या डावीकडे, वीस अंशांवर तिचं घर होतं. आणि त्या घरावर, कपाळावर टिकली बसावी तसा नेमका, पिवळा ठिपका बसलेला होता. सूर्य.

भगवंतराव पडद्यावर वाकले. तीन महिने ते दुर्बीण अंधारातच वापरत होते. अंधारात त्या जागी काहीच नसतं. फेब्रुवारीत पावणेपाचला तिथे कोण असतं, हे त्यांनी आकाशाचे नकाशे तोंडपाठ करूनही कधी बघितलं नव्हतं.

त्यांनी 'थांबा'वर टिचकी मारली. पडद्यावर एक छोटं वर्तुळ फिरू लागलं. पुन्हा मारली. वर्तुळ फिरतच राहिलं. उंचीचे आकडे उतरत होते, अडुसष्ट, त्रेसष्ट, सत्तावन्न. मग पडदा फिकट झाला आणि आकडेही थिजले. बाहेर मोटारींची घरघर मात्र ऐकू येत होती.

"सरकतंय गं माधवी," सावित्रीअक्काचा आवाज आला.

"सरकू द्या वन्सं," माधवीबाई म्हणाल्या. "डोळा सोडू नका. ह्यांनी सांगितलंय ना!"

"अक्का, डोळा काढ!" भगवंतराव ओरडले. तेवढ्यात बाहेर रंजनाने उखाणा घेतला आणि बायकांनी हसून गच्ची डोक्यावर घेतली. ते उठले. पायात लॅपटॉपची वायर अडकली, लॅपटॉप टेबलावरून खाली आला आणि त्याच्याबरोबर तेही गुडघ्यावर आले. वायर ओढून आता काही उपयोग नव्हता. हुकूम सुटला होता. धरणावर असताना हे वाक्य ते हाताखालच्यांना ऐटीत ऐकवत: हुकूम सुटला की सुटला. सबंध प्रवासाला सोळा-सतरा सेकंद लागतात, हे त्यांनीच घड्याळ लावून मोजलेलं होतं. त्यातले किती उरले होते ते त्यांना मोजवेना.

दार ढकलून ते बाहेर पडले. उन्हाने त्यांचेच डोळे दिपले. दुर्बिणीचं तोंड खाली येत होतं आणि मागचं टोक, जिथे डोळा लावायचा ते, वर चढत होतं. त्याच्याबरोबर अक्का वर चढत होती. आधी वाकलेली, मग ताठ, मग टाचा उचललेली. धक्का लागू नये म्हणून पदर एका हाताने छातीशी धरलेला. सांगितलेलं तंतोतंत पाळणारी माणसं कंधारकरांच्या घराण्यात दोनच, आणि ती दोन्ही त्या क्षणी गच्चीवर होती.

"अक्काऽ!"

ती हलली नाही. ते धावले. दहा पावलं. पाच. दुर्बिणीची सावली आखूड होत होत गच्चीवर एक काळा वाटोळा ठिपका तेवढी उरली. ती वाटोळी झाली की काय होतं ते त्यांना माहीत होतं. त्यांनी दोन्ही हातांनी बहिणीला ढकललं.

सावित्रीबाई चटईवर, कागदी बशांवर पडल्या. तिळाच्या वड्या उडाल्या. घरघर थांबली. दुर्बीण घरी पोहोचली होती.

पंधरा सवाष्णींनी एकमेकींकडे पाहिलं. रथसप्तमीच्या दिवशी सख्ख्या भावाने वडील बहिणीला सगळ्यांदेखत ढकललं, याला शोभेलसा उद्गार कुणालाच सुचेना.

"भावोजी, हे काय हो?" शेवटी रंजना म्हणाली. आणि मग तीच किंचाळली. दुर्बिणीतून निघालेला उजेडाचा एक रुपयाएवढा गोळा माधवीबाईंच्या खांद्यावरच्या रेशमावर बसला होता, आणि तिथून धुराची एक बारीक रेघ सरळ वर चालली होती.

माधवीबाईंनी पदर झटकला. भगवंतरावांनी तबकावरचा रुमाल ओढून दुर्बिणीच्या तोंडावर टाकला. मग ते बहिणीपाशी खाली बसले. डाव्या डोळ्यावर तळहात ठेवून ती स्वस्थ होती.

"अक्का, काही दिसलं?"

"उजेड दिसला."

"किती वेळ?"

"किती म्हणजे? दिसला आणि तू ढकललंस." आणि तळहात न काढता, "इतका लख्ख असतो होय रे शुक्र?"

भगवंतरावांनी तिला हात देऊन उठवलं आणि रिक्षा बोलवायला सांगितलं.

डोळ्यांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई ओमकारच्या वयाच्या होत्या. त्यांनी थेंब घातले, बराच वेळ आत पाहिलं आणि म्हणाल्या, "आज काहीच सांगता येणार नाही. अशी इजा तासा-तासाने वर येते. डोळा झाकून ठेवते. सकाळी उघडा. मधे डाग दिसला तर लगेच या."

"नाही दिसला तर?"

"तर देवाला नारळ फोडा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मलाही प्रसाद आणा."

घरी आल्यावर सावित्रीबाई डोळा पट्टीआड ठेवून नुसत्या बोटांनी फुलवाती वळत बसल्या. ओमकारचा फोन आला. सगळं ऐकून तो म्हणाला, "पण बाबा, पार्किंग कंपनीने साऊथला ठेवलं होतं ना? तिथे तेव्हा सूर्य नव्हताच. कुणी बदललं?"

"मी," भगवंतराव म्हणाले आणि फोन ठेवला. शेजारी अक्काची बोटं क्षणभर थांबली आणि पुन्हा वळू लागली. तिने ऐकलं असेल का, जोडलं असेल का, ही भीती पहिल्या भीतीच्या पोटात जाऊन बसली. आता भीती मोजायला दोन होत्या.

त्या रात्री ते झोपले असं त्यांचं म्हणणं आहे. माधवीबाईंचं म्हणणं वेगळं आहे.

सकाळी सहाला आतून पलंग करकरला. भगवंतराव दाराबाहेर खुर्चीत होते. आत जावं की जाऊ नये? न गेलं तर अजून काहीच झालेलं नाही. दाराच्या अलीकडे अक्काचा डोळा शाबूत होता, आणि तो तसाच राहावा म्हणून ते जन्मभर त्या खुर्चीत बसायला तयार होते.

"बाहेर बसून काय राखण करतोयस? ये आत."

ते गेले. सावित्रीबाईंनी पट्टी काढलेली होती. डोळा लालसर होता, उघडा होता. त्यांनी खिडकीकडे पाहिलं, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं, मग भावाकडे. बराच वेळ पाहत राहिल्या.

"सांग की," भगवंतराव म्हणाले.

"शर्ट दिसतोय. कालचाच आहे," त्या म्हणाल्या. "कान दोन्ही दिसतायत. मधलं तोंड तेवढं नाहीये."

भगवंतराव मटकन पलंगावर बसले.

"काळं आहे?"

"काळं नाही. कुणी बोटाने पुसल्यागत. जिथं बघावं तेच नेमकं पुसलं जातंय. कॅलेंडरवर सारे वार दिसतायत, तारीख तेवढी नाही." त्या विलक्षण शांत आवाजात बोलत होत्या. "हे जातं का रे?"

"जातं कधी कधी. काही महिन्यांनी." ते त्यांनी रात्रभर वाचलं होतं. कधी कधी जात नाही, हेही वाचलं होतं. ते त्यांनी सांगितलं नाही. अक्कानेही विचारलं नाही.

बाहेर दूधवाला येऊन गेला. माधवीबाई चहाचा कप घेऊन दारात उभ्या राहिल्या आणि दोघांची पाठ बघून तशाच मागे फिरल्या.

"अक्का," भगवंतराव म्हणाले, "एक करून बघ. अंधुक तारा बघायचा असला की आम्ही त्याच्यावर डोळा रोखत नाही. रोखला की तो विझतो. शेजारी बघायचं. माझ्याकडे बघू नकोस. माझ्या कानाच्या पलीकडे बघ."

"कुठल्या?"

"डाव्या. अजून पलीकडे. त्या खुंटीकडे."

सावित्रीबाईंनी खुंटीकडे पाहिलं. मान जरा हलवली, पुन्हा हलवली. चेहऱ्यावरची एक शीर ताणली आणि मग हळूच सैल झाली.

"हं," त्या खुंटीलाच म्हणाल्या. "आलास. धूसर आहेस, पण आलास." आणि थोड्या वेळाने, "एवढा मोठा ऑफिसर, रडतोस काय? दवाखान्यात जायचंय ना, आधी दाढी कर."