बाबांच्या दाराचं बटण

घरातले दिवे, पडदे आणि दाराचं कुलूप फोनवरून चालवणारी एक छोटी डबी कंपनीनं बनवली होती. डबी तयार होती, पण फोनवर दिसणारं तिचं पान कोणत्या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहायचं, यावर सहा आठवडे काथ्याकूट चालला होता. एक जण पायथॉनचा हट्ट धरून बसला होता, दुसऱ्याला जावास्क्रिप्टशिवाय घास उतरत नव्हता. दोघंही आपापलं पान महागड्या लॅपटॉपवर दाखवायचे. ज्या डबीत ते चालायचं होतं, ती टेबलावरचे कागद उडू नयेत म्हणून ठेवलेली असे.

डबीचं सर्किट जिनं जुळवलं, तिला सगळे डबीवाली म्हणत. "साहेब, डबीची मेमरी फार थोडी आहे. लुआ छोटी भाषा आहे, आरामात बसेल," असं ती तिसऱ्या बैठकीत म्हणाली.

"जुनाट वाटतं हो ते," साहेब म्हणाले. "गिऱ्हाइकाला काय सांगणार?"

गिऱ्हाईक आधी भाषा विचारतं आणि मगच बटण दाबतं, अशी त्यांची समजूत असावी. अखेर जावास्क्रिप्ट जिंकली आणि टाळ्या वाजल्या.

चाचणीसाठी बारा घरांत डब्या बसवल्या होत्या. तोवर त्यांत डबीवालीनं घाईघाईत लुआमध्ये लिहिलेलं कामचलाऊ पान होतं. त्यातलं एक घर तिच्या बाबांचं. खुब्याचं ऑपरेशन झालेले बाबा एकटेच राहत आणि व्यायाम करून घेणाऱ्या बाईंना पलंगावरूनच दार उघडून देत. नवं पान डब्यांत गेलं आणि बाबांच्या फोनवर नुसतं चक्र फिरायला लागलं. बाई बाहेर ताटकळल्या. बाबा भिंत धरून निघाले आणि अर्ध्या वाटेत पडले. हाड शाबूत राहिलं, एवढंच नशीब. त्याच संध्याकाळी तिनं कुणाला न विचारता त्यांच्या डबीत जुनं पान परत घातलं.

आठवड्यानं साहेबांनी भिंतीवर तक्ता दाखवला. पान अडकलेली अकरा घरं लाल, चालणारं एक हिरवं, ते बाबांचं. "भाषेत दोष असता तर इथं कसं चाललं असतं?"

डबीवालीनं मान खाली घातली. खरं सांगितलं तर साहेब तिथंही नवं पान घालायला लावणार आणि बाबा पुन्हा भिंत धरणार. साहेबांना तो तिचा विनय वाटला. अख्खी समिती अभ्यासाला बाबांच्या घरी निघाली.

बाबांनी पलंगावरून बटण दाबलं. दार लगेच उघडलं. साहेबांचा ऊर भरून आला. "पाहिलंत? याला म्हणतात आधुनिक भाषा."

"आधुनिक ती मागच्या आठवड्यात आली होती," बाबा म्हणाले. पायजमा वर सारून त्यांनी काळानिळा गुडघा दाखवला. "मुलीनं त्याच दिवशी काढून टाकली."

साहेब डबीवालीकडे वळले. "न विचारता?"

"हो," ती म्हणाली. "बाबा पडले होते."

साहेबांनी वही उघडली, मिटली आणि समितीला घेऊन निघाले. दारात ते थांबले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "उरलेल्या अकरा घरांत तुमचं ते जुनाट कधी घालता येईल?"

"आज," डबीवाली म्हणाली. "बैठक नसेल तर."