वाकडं फूल

वीटभट्टीवरची धाकटी गाढवी वाळत घातलेल्या ओल्या विटांवर अलगद खूर टेकवायची आणि पाकळी-पाकळीनं फूल काढायची.

तिचा मामा भडकला. "आपला जन्म ओझी वाहायला! ही कसली थेरं? सगळ्यांना मार खायला लावशील, मेले!" असं खेकसत त्यानं सणसणीत लाथ घातली. ती कोलमडली, उठली आणि अर्धवट राहिलेलं फूल पुरं करूनच हलली.

मुकादमानं शिव्या हासडत त्या विटा खराब मालात काढल्या. भाजल्यावर त्या गाढवांच्याच तबेल्याच्या भिंतीत गेल्या.

आता मामा रोज त्या भिंतीकडे तोंड करून चारा चघळतो.

"ते मधलं फूल वाकडं आलंय," एकदा तो नाक मुरडत म्हणाला.

"लाथ तेव्हाच घातली होतीत, मामा."