पत्ता सापडेपर्यंत

"दार उघड गं. डॉक्टरांनी आजच बोलावलंय, उद्या नाही."

"तीन आठवडे थांबा म्हणावं त्यांना. थंडी सरू दे, बाबा," लेक आतून म्हणाली.

बाबांनी पुन्हा दार ठोठावलं. सकाळीच डॉक्टरीणबाईंनी त्यांना बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं होतं की रक्तदाब फार चढलाय, आज शस्त्रक्रिया करून बाळ बाहेर काढलं नाही तर दोघांपैकी कुणाचीच खात्री नाही. जावई दूर समुद्रावर, बोटीच्या नोकरीत. आणि इथे लेक आतून कडी लावून बसलेली!

याला कारण रविवारचं चर्चमधलं प्रवचन. उपदेशकांनी जगाच्या अंताचा अध्याय काढला होता. त्या दिवसांत गरोदर बायकांचे फार हाल होतील, हे हिवाळ्यात घडू नये म्हणून प्रार्थना करा, असं प्रभूने शिष्यांना सांगितलेलं. उपदेशक बोट रोखून म्हणाले, "हे तुम्हालाच सांगितलंय. हाच तो हिवाळा." सगळ्या मंडळीत पोटुशी ही एकटीच. तेव्हापासून तिने धसकाच घेतला.

बाबा टपालखात्यातून निवृत्त झालेले. एकतीस वर्षं त्यांनी पत्ता न लागणारी पत्रं सांभाळली. पाकिटावरची अक्षरं पुसली गेली की पाकीट त्यांच्या टेबलावर यायचं, आणि ते फोडायची परवानगी फक्त त्यांना. नियम एकच. पत्र कुणाचं ते कळेपर्यंत वाचायचं, कळलं की तिथेच घडी घालायची. पुढच्या ओळीत प्रेम असो की भांडण, आपल्याला काय करायचंय! कचेरीतले लोक त्यांना 'अर्धवाचे' म्हणून चिडवायचे. बाबांना त्याचा अभिमानच होता.

त्यांनी पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, आणलं, चष्मा लावला आणि दाराशीच बसकण मारली.

"ऐक. डोंगरावर चौघे शिष्य प्रभूला एकांतात विचारतायत, हे समोरचं मंदिर कधी पडणार म्हणून. म्हणजे सांगणं त्या चौघांना आहे. पुढे म्हणतो, यहूदीयातल्यांनी, म्हणजे तिकडच्या मुलखातल्यांनी, डोंगरात पळावं. आपण कुठले यहूदीयातले? आपल्याकडे साधी टेकडी तरी आहे का? दुसऱ्याचं पत्र वाचून जीव टांगणीला लावून बसलीस, पोरी."

"नक्की ना?"

"एकतीस वर्षांत माझं एकही पत्र चुकीच्या घरी गेलेलं नाही."

आत पलंग करकरला. मग कडी निघाली. सुजलेल्या पावलांनी लेक बाहेर आली आणि चपला शोधू लागली.

दवाखान्यात तिला तयारीसाठी आत नेलं. बाबा बाकावर बसले. हाताला चाळा हवा म्हणून त्यांनी शास्त्र उघडलं आणि मघाशी जिथे थांबले होते तिथून, सवय मोडून, पुढे वाचायला घेतलं. अध्यायाच्या अगदी शेवटी ती ओळ होती. तुम्हा चौघांना जे सांगितलं ते सगळ्यांनाच सांगतो आहे, जागे राहा.

बाबांनी बोट ठेवून ती पुन्हा वाचली. चर्चमध्ये ही ओळ कितीदा तरी ऐकली असेल, पण कानाआड गेलेली. पत्र चुकीच्या घरी आलंच नव्हतं. आपणच ते अर्धं वाचून परत पाठवलं, आणि त्याच्या भरवशावर लेक इथवर आली.

चाकांच्या खाटेवरून तिला बाहेर आणलं. तिने बाबांचं मनगट धरलं. "पुढचं वाचलंत का, बाबा?"

खोटं बोलावं असं क्षणभर वाटलं.

"वाचलं. शेवटी सगळ्यांनाच सांगितलंय गं. आपल्यालाही."

तिची बोटं आवळली. "काय सांगितलंय?"

"जागे राहा. एवढंच."

"मला तर आता झोपवणारेत."

"तू झोप. तुझ्या वाटचं मी जागतो, डोळ्यांत तेल घालून."

तिने मनगट सोडलं. खाट शस्त्रक्रियेच्या खोलीत गेली, दार मिटलं. बाबांना भयंकर भीती वाटत होती. दुपारच्या उन्हाने बाकावरचे बाकीचे लोक पेंगत होते. बाबांनी चष्मा पुसला, पाठ ताठ केली आणि ते दाराकडे बघत बसले.