चौदावी शिफारस

मित्रांनो, मला जुना म्हणा, जाडजूड म्हणा, कंटाळवाणा म्हणा. रद्दी म्हणालात तर मात्र भांडण होईल. मी एक सरकारी अहवाल आहे. शाळेत विज्ञान कसं शिकवावं, लोकांच्या पैशातून कोणतं संशोधन व्हावं आणि त्यातून निघालेले शोध बाजारात कसे न्यावेत, याबद्दल सरकारला दिलेला सल्ला माझ्या पोटात आहे. न्यू ब्रन्सविक प्रांताच्या राजधानीत, फ्रेडरिक्टनला, १९९७ साली माझा जन्म झाला. तिथल्या रिवाजाप्रमाणे मला दोन तोंडं आहेत. एका बाजूने उघडलं की इंग्रजी, आणि उलटा करून दुसऱ्या बाजूने उघडलं की फ्रेंच. कायद्याने दोन्ही बाजूंचा मान सारखा.

मला लिहायला सल्लागार मंडळाला दोन वर्षं लागली. मंडळात प्राध्यापक होते, कारखानदार होते आणि शाळेत शिकवणाऱ्या एकट्या झेली रोबिशो होत्या. समुद्रकाठच्या आन्स-ओ-लूत्र गावात, फ्रेंच शाळेत, त्या रसायनशास्त्र शिकवत. त्या गावाचं पोट कालवांवर, म्हणजे खाडीतल्या शिंपल्यांवर चालतं. कालवांचा रोग तासाभरात ओळखणारं एक यंत्र सरकारी प्रयोगशाळेत तयार झालं होतं. पुढे त्याचा परवाना एका कंपनीला मिळाला आणि किंमत अशी चढली, की गावाला ते यंत्र नुसतं चित्रात दिसायचं. गावकरी आपली कालवं बर्फात घालून राजधानीला तपासायला पाठवत आणि उत्तराची तीन आठवडे वाट बघत.

"शोध लोकांच्या पैशातून लागला, तर एकेक यंत्र लोकांच्या शाळांना फुकट द्या," झेलीबाई बैठकीत म्हणाल्या. "पोरं शिकतील आणि बापाची कालवंही तपासतील."

"बाई, आम्ही कंपनी चालवतो, धर्मशाळा नाही," परवाना मिळालेल्या कंपनीचे कारखानदार हसत म्हणाले.

"मग शोधही स्वतःच्या पैशाने लावायचा होता. तयार ताटावर येऊन बसलात, आणि आता वाढणाऱ्यालाच उठवता होय?"

तीन बैठका या एकाच मुद्द्यावर गेल्या. शेवटी मंडळाने मान डोलावली आणि बाईंचं म्हणणं माझी चौदावी शिफारस झालं. मला तिचा फार अभिमान होता.

छपाईच्या आदल्या दिवशी कंपनीचा फोन आला आणि मंत्र्यांचे सचिव वॉरन एस्टाब्रुक्स यांनी ती शिफारस लाल पेनाने खोडली. खोडली ती फक्त इंग्रजी बाजूची. फ्रेंच बाजू भाषांतरकारांकडून थेट छापखान्यात जाई, साहेबांच्या कचेरीत ती कुणी उघडतच नसे. मला दुसरं तोंड आहे हे साहेबांच्या लक्षातही आलं नाही. मंडळ तोवर बरखास्त झालं होतं. प्राध्यापकांना प्रती पोचल्या, त्यांनी आपापलं नाव बरोबर छापलंय ना एवढं पाहिलं आणि मला कपाटात ठेवलं. याचा मला आजही राग येतो.

मंत्र्यांनी मला सभागृहात उंच धरलं. "हा अहवाल सरकारने संपूर्ण स्वीकारला आहे," ते म्हणाले आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. झेलीबाईंनी आपली प्रत घरी नेऊन वाचली, ती फक्त फ्रेंच बाजूने. तिथे चौदा शिफारशी होत्या. राजधानीत सगळ्यांनी इंग्रजी बाजू वाचली. तिथे तेरा होत्या.

मग सुरू झाली पत्रापत्री. यंत्रं कधी देता, असं बाई दर वर्षी विचारत. अशी शिफारसच नाही, असं साहेब दर वर्षी कळवत. बाईंना वाटे, हा माणूस धडधडीत खोटं बोलतोय. साहेबांना वाटे, खोडलेल्या शिफारशीवर अडून बसलेल्या बाईंचं डोकं फिरलंय. नऊ वर्षं दोघं एकमेकांना खोटं पाडत राहिले, आणि पलीकडची बाजू उलटून बघावी असं दोघांनाही सुचलं नाही. सत्य मला ठाऊक होतं. पण मी तळघरातल्या ग्रंथालयात, पुराच्या नकाशांखाली दबून पडलो होतो.

२००६ च्या उन्हाळ्यात आन्स-ओ-लूत्रच्या खाडीत कालवं मरू लागली. राजधानीचं उत्तर नेहमीप्रमाणे तीन आठवड्यांनी आलं. तोवर बाईंच्या भावाची, लेओंसची, कालवांची सगळी शेती गेली. बाई गाडी काढून तडक फ्रेडरिक्टनला आल्या. एस्टाब्रुक्स आता खात्याचे प्रमुख झाले होते.

"बाई, आज हा विषय कायमचा मिटवू," ते म्हणाले आणि त्यांनी मला तळघरातून मागवून घेतलं. माझी धूळ झटकून ते मोठ्याने मोजू लागले. "अकरा, बारा, तेरा. संपलं! कुठाय तुमची चौदावी?"

साहेबांनी मोजली ती इंग्रजी बाजू, हे बाईंनी पाहिलं. मग त्यांनी मला साहेबांच्या हातून ओढलं, उलटं केलं आणि दुसरीकडून उघडलं. "आता इकडून मोजा."

"मला फ्रेंच येत नाही."

"आकडे येतात ना?"

साहेब मोजू लागले. चौदावर त्यांचं बोट थांबलं. मित्रांनो, त्या पानावर राजधानीतल्या माणसाचं बोट प्रथमच टेकत होतं. मला ओरडावंसं वाटलं.

"ही छपाईची चूक आहे," साहेब हळूच म्हणाले.

"असेल. मग लिहून द्या. या प्रांतात अहवालाची फ्रेंच बाजू खोटी धरावी, असं तुमच्या सहीनिशी लिहून द्या. खाली वार्ताहर बसलेत, मी नेऊन देते."

प्रांतातली एक तृतीयांश माणसं फ्रेंच बोलतात आणि निवडणूक तोंडावर आली होती. साहेबांनी पेनाला टोपण लावलं. "तसं लिहिता येत नाही, हे तुम्हालाही माहीत आहे."

"मग मंत्र्यांनी स्वीकारलं ते हेच. यंत्रं द्या."

"थोडा वेळ तर द्याल?"

"वेळ लेओंसकडे मागा. त्याच्याकडे आता वेळच वेळ आहे."

साहेबांनी कंपनीला फोन लावला. कंपनीच्या परवान्याचं नूतनीकरण सरकारच्याच हातात होतं. पुढच्या वसंतात यंत्रं शाळाशाळांतून पोचली. कंपनीने आदळआपट केली, पण तिचं दिवाळं काही निघालं नाही.

माझ्या सगळ्या प्रती परत मागवून सुधारित आवृत्ती काढायचं खात्याने बाई भेटायला आल्या त्याच दिवशी ठरवलं होतं. म्हणून निघताना बाईंनी मला सरळ पिशवीत घातलं. दारावरच्या पहारेकऱ्याने हटकलं, "बाई, ही सरकारी मालमत्ता आहे."

"मीही सरकारी नोकर आहे. दोघं बरोबरच जातो," बाई म्हणाल्या आणि चालू पडल्या.

आता मी त्यांच्या शाळेच्या प्रयोगशाळेत असतो. पोरं खाऱ्या ओल्या हातांनी मला चाळतात. माझ्यावर आम्लाचे डाग आहेत, एक कोपरा जळलाय. माझी काही तक्रार नाही. लेओंसची कालवं मात्र परत आली नाहीत, आणि त्याबद्दल मी कुणालाही माफ करणार नाही.

आपली कहाणी संपवताना आमच्यासारख्या जुन्या वस्तू 'आम्हाला जपा' म्हणून हात जोडतात. मी जोडणार नाही. तळघरात मला फार जपून ठेवलं होतं. मित्रांनो, मला फाटेपर्यंत वाचा. सरकारने खोडलेली एक शिफारस तेवढी पुरी झाली. टाळ्या वाजवून स्वीकारलेल्या तेरा अजून जशाच्या तशा पडून आहेत. राजधानीतला पत्ता तुम्हाला माहीत आहे. जाऊन विचारा.