मोठ्या पोटातले झिंगे

मी खडकवासल्याच्या धरणातली एक मरळ बोलतेय. हाताएवढी लांब, मनगटापेक्षा बरीच जाड, आणि अक्कल बेताचीच.

जन्मले तेव्हा पाण्यातले दिसतील न दिसतील असे जीव खायचे. मग किडे, मग मासे. अंग वाढलं तसं ताटही वाढलं. पुढे अंग वाढतच राहिलं आणि मला पळायचा कंटाळा येऊ लागला. मासा धरायचा म्हणजे धावपळ! झिंगे तळाशी निवांत असतात, नुसतं तोंड उघडलं की झालं. रुबाब मात्र शिकाऱ्याचाच. चिलापी माशांचे थवे मला बघून पांगायचे आणि मी मिशा नसताना मिशांना पीळ द्यायचे.

यंदा, म्हणजे नव्याण्णव साली, मी जाळ्यात सापडले. मासेमार मच्छिंद्र ओरडला, "ताई, ही धरणाची राणी हाय!" ताई म्हणजे कर्वेनगरची आम्रपाली, माशांवर संशोधन करणारी. मी मान ताठ केली. माशाला मान नसते, हे तेव्हा सुचलं नाही.

तिनं मला कॉलेजच्या टाकीत ठेवलं. अंगानं मोठा मासा खाण्याच्या उतरंडीतही वर असतो का, हे तिला पाहायचं होतं. शेवाळ खाणारे खाली, त्यांना खाणारे वर, मासे खाणारे त्याहून वर. सगळ्यांत वरची जागा माझीच, याबद्दल तिचे मार्गदर्शक गोपाळकृष्ण सर आणि मी, दोघांनाही शंका नव्हती.

मग तिनं मला गुंगीचं औषध देऊन, तोंडातून नळीनं पाणी सोडून, पोटातलं सगळं पांढऱ्या थाळीत काढलं. शुद्धीवर येते तो सर थाळीकडे बघत होते. झिंगे, गोगलगायी आणि चतुर किड्याची दोन पिल्लं. शेजारच्या टाकीतल्या, माझ्या निम्म्या आकाराच्या मरळीच्या पोटात तीन मासे निघाले होते. लपायला टाकीत एक दगडही नव्हता हो!

"हिला काय डॉक्टरांनी पथ्य सांगितलंय?" सर म्हणाले. "आलेखातून काढून टाक हिला. बाकी रेघ कशी छान चढतेय."

"मासा खराच सापडलाय, सर. कसा काढू?"

"मग पोट चिरून नीट बघ. कुठेतरी मासा अडकला असेल."

"पोट रिकामं झालंय. चिरून फक्त ती मरेल."

"परिषद तोंडावर आलीय. निबंधावर माझी सही हवी आहे ना तुला?"

आम्रपालीनं थाळी स्वतःकडे ओढली. "हवी आहे, सर. पण हिला वगळून नको."

सर निघून गेले. ती माझ्या काचेला टेकून बसून राहिली. माझ्या आळसापायी एका मुलीची कित्येक वर्षांची मेहनत बुडतेय, या विचारानं त्या दिवशी मला झिंगासुद्धा गोड लागला नाही.

दोन दिवसांनी सर आले. बराच वेळ मला न्याहाळून म्हणाले, "ठेव हिचा ठिपका. मासा खराच आहे. सही करतो. पण परिषदेत लोक तुटून पडतील. उत्तरं तू द्यायचीस. मी मागच्या रांगेत बसणार."

"देईन, सर."

मला धरणात सोडायला तिचा भाऊ चेतन स्कूटर घेऊन आला. पायांपाशी पिंप, पिंपात मी.

"एवढी दांडगी मरळ आणि झिंगे खाते?" तो हसला.

"दादा, तू एवढ्या मोठ्या कॉम्प्युटर कंपनीत काय करतोस?"

"सालाचे दोन आकडे असतील तिथे चार करतो. दिवसभर."

दोघं इतकं हसली की पिंप हिंदकळला आणि मी जवळजवळ रस्त्यावर आले.

आता मी पुन्हा पाण्यात आहे. पुढच्या आठवड्यात आम्रपाली त्या परिषदेत उभी राहील. मला बोलावणं नाही. आम्ही मरळी पाण्याबाहेर थोडा वेळ तग धरतो, पण भाषण जमत नाही. तुमच्यापैकी कुणी तिथे असलात, तर माझ्यावर हवं तेवढं हसा. तिला मात्र शेवटपर्यंत बोलू द्या.